टेलवर्थचा शिक्का कोणाकडे जाईल

मी, नोरीन ब्लोर, कै. रॉन ब्लोर यांची पत्नी, वय सत्तावन्न, राहणार वुल्स्टन्टन, स्टोक-ऑन-ट्रेंट, बर्स्लेमच्या टेलवर्थ पॉटरीची मॅनेजिंग डायरेक्टर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती काळजातली एक झडप, आणि ती सोमवारी, २० नोव्हेंबरला, डॉक्टर छाती उघडून बदलणार आहेत. मला कोणी दारू पाजलेली नाही, कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून वळवलेलं नाही. गोड बोलण्याचा प्रयत्न झाला. ते पुढे येईल.

हे लिहायला मला अकरा दिवस लागले. वकील मिस्टर ॲस्पिनॉल म्हणाले, "तुम्ही नुसतं सांगा, मी टाइप करून घेतो." मी नको म्हटलं. टाइप केलेला कागद मला कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो, कारण मला धड वाचता येत नाही. आजवर हे तिघांनाच माहीत होतं: रॉन, जुने टेलवर्थसाहेब आणि माझी सेक्रेटरी ग्लेनिस वेन. त्यातले दोघे गेले. नंतर ॲस्पिनॉलना सांगावं लागलं. आता सगळ्यांना कळलं तरी माझं काही बिघडत नाही. लिहिणं मला वाचण्यापेक्षा सोपं जातं, कारण लिहिताना पुढचा शब्द कोणता ते मला ठाऊक असतं. शब्दांत चुका असतील तर त्या माझ्याच आहेत. त्यांवरून कोणी अर्थ बदलायला जाऊ नये.

कलम पहिलं. माझं एप्रिल २००५ चं मृत्युपत्र रद्द समजावं. ते टाइप केलेलं होतं आणि ग्लेनिसने मला वाचून दाखवलं होतं. तिने वाचलं तेवढंच त्यात होतं की आणखी काही होतं, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. दीड वर्षापूर्वी सांगितलं असतं.

कलम दुसरं. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मिस्टर ॲस्पिनॉल यांनी करावी. त्यांना त्यांची रीतसर फी मिळेल, त्याहून जास्त काही नाही. ते माणूस म्हणून बरे आहेत. पण मी एखादी गोष्ट विचारली की आधी खिडकीबाहेर बघतात आणि मग उत्तर देतात. खिडकीबाहेर नुसतं गाड्या उभ्या करायचं मैदान आहे. तिथे काय दिसतं ते मला अजून कळलेलं नाही.

कलम तिसरं. माझा अंत्यविधी चॅपलमध्ये करावा, रॉनच्या शेजारी पुरावं. लिलीची फुलं नकोत, त्या वासाने मला शिंका येतात आणि मेल्यावर येणार नाहीत याची खात्री कोणी दिलेली नाही. नंतर जेवायला ओटकेक, चीज आणि बेकन ठेवावं. बाहेरून मागवलेले ते तिकोनी सँडविच नकोत. जे कोणी माझ्याबद्दल दोन शब्द बोलतील त्यांनी दोनच बोलावेत. आमच्या कारखान्यातल्या क्लाइव्ह पेनफोल्डने बोलू नये.

कलम चौथं. वुल्स्टन्टनचं घर माझी धाकटी बहीण थेल्मा हिला द्यावं. घरातलं सामानही तिचंच. आईची किटली थेल्माने १९७१ साली, आई आजारी असतानाच, कागदात गुंडाळून नेली. ती माझी होती. आईने मला बोलून दाखवलं होतं, तेव्हा थेल्मा जिन्यात उभी होती आणि तिने ते ऐकलं होतं. पस्तीस वर्षं ती म्हणते, "मी जिन्यात नव्हतेच." घर घेण्याआधी तिने ॲस्पिनॉलसमोर एकदा कबूल करावं की ती जिन्यात होती. केलं नाही तरी घर तिलाच द्यावं. पण विचारावं मात्र जरूर.

कलम पाचवं. माझी शिल्लक, जी काय असेल ती, छातीच्या आजाराच्या वॉर्डाला द्यावी. माझे वडील भट्टीत माल रचायचे आणि एकोणपन्नासाव्या वर्षी धुळीने गेले. शेवटच्या वर्षी त्यांना जिना चढताना मध्येच एका पायरीवर बसावं लागे. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, "सिगारेटी कमी करा." माझ्या वडिलांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती. डॉक्टर, वकील आणि कागद यांच्यावर माझा विश्वास बसत नाही तो तेव्हापासून. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. शाळेत तशीही जेमतेम जात होते, कारण आई रंगकामाला जायची आणि घरी लहान थेल्मा होती. वडील गेले आणि पुढच्या सोमवारी मी टेलवर्थमध्ये पडेल त्या कामाला लागले.

कलम सहावं. माझी निवडीची पोलादी पट्टी, दातऱ्या बाजूसह, निवड खात्यातल्या अल्मा टर्नॉकला द्यावी. दुसऱ्या कोणाला नको, तिलाच. भट्टीतून आलेल्या ताटावर चिकटलेले खडे या पट्टीने उडवतात. पण माझं खरं काम खडे उडवण्याचं नव्हतं, ऐकण्याचं होतं. ताट तीन बोटांवर तोलायचं आणि कडेवर टिचकी मारायची. चांगलं ताट वाजतं, चिरलेलं ताट खोकतं. चीर डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. एकदा वाजवून भागत नाही, फिरवून दुसऱ्या बाजूने पुन्हा वाजवायचं. बारा वर्षं मी दिवसभर तेच केलं. ज्या बाईने बारा वर्षं दर ताटावर संशय घेतला, ती माणसांना का सोडेल? लोक म्हणतात नोरीनचा स्वभाव संशयी आहे. तो स्वभाव नाही, ते माझं काम होतं.

अल्मा हे वाचेल तेव्हा हसेल. ती माझ्या शेजारी बसायची. "बदके, ताट आहे ते, नवरा नव्हे. सोड त्याला," असं म्हणायची. बदक ही आमच्याकडची लाडाची हाक.

आता माझी नोकरी कशी वाढली ते लिहिते, कारण ते ठाऊक नसेल तर पुढचं कळणार नाही.

१९८१ साली लंडनच्या एका मोठ्या दुकानाने आमचा सगळा माल परत पाठवला. टेलवर्थसाहेब स्वतः निवड खात्यात आले. मी म्हटलं, "माल चांगला आहे. परत आलेला माल आपला नाहीच." त्यांनी विचारलं, "कशावरून?" मी दोन ताटं वाजवून दाखवली. दुकानाने दुसऱ्या कोणाच्या फुटक्या मालात आमची खोकी मिसळली होती. साहेबांनी मला ऑफिसात नेलं, दार लावलं आणि म्हणाले, "नोरीन, तुला कारखाना चालवता येईल का?"

मी म्हटलं, "साहेब, मला वाचता येत नाही."

ते म्हणाले, "मला येतं, तरी कारखाना बुडतोय."

अशी मी वर्क्स मॅनेजर झाले. सहा वर्षांनी साहेब वारले. त्यांच्या दोन्ही मुलांना कारखाना विकून दक्षिणेत बोटी घ्यायच्या होत्या. मी रॉनला म्हटलं, घर गहाण टाकू. रॉन भट्टीवर होता, त्याला बोलायची सवय नव्हती. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "घर गेलं तर माझ्या कबुतरांच्या खुराड्यात राहू. कबुतरांना विचारून घे." बँकेतल्या माणसाने माझं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, "ताटं." तो हसला नाही, पण कर्ज दिलं. एक्कावन्न टक्के शेअर माझ्या नावावर झाले. उरलेले एकोणपन्नास अजून त्या दोन मुलांकडेच आहेत. ती मुलं वर्षातून एकदा मीटिंगला येतात आणि क्लाइव्ह ज्या बाजूला हात वर करतो त्या बाजूला हात वर करतात.

मॅनेजिंग डायरेक्टरला दिवसाला शंभर कागद येतात. ते कागद मी वाचले नाहीत, ग्लेनिसने वाचले. ती एकोणीस वर्षांपूर्वी आली तेव्हा वीस वर्षांची होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं. तिने दार लावून घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागली. मी कागदही ताटासारखा वाजवून घ्यायची. एकदा सुरुवातीपासून वाचायला लावायचं, मग शेवटच्या पानापासून उलटं. दोन्ही वेळा तेच शब्द आले तर सही. ग्लेनिस म्हणायची, "नोरीन, बाकीचे मॅनेजर जेवायला जातात." मी म्हणायची, "म्हणून बाकीचे कारखाने बंद पडतात." तेव्हा आजूबाजूला खरंच एकेक बंद पडत होता. आमची भट्टी चालू होती.

कलम सातवं. आमचे फायनान्स डायरेक्टर मिस्टर क्लाइव्ह पेनफोल्ड यांना काहीही देऊ नये. हे विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम लिहिलं आहे.

क्लाइव्ह दक्षिणेकडचा. सात वर्षांपूर्वी आला. हिशेबात हुशार आहे, हे मी नाकारत नाही. बर्स्लेममध्ये बसवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे एकमेकांना बदक म्हणतात. त्याने सात वर्षांत मला एकदाही म्हटलं नाही. "मिसेस ब्लोर, आपली तब्येत कशी आहे?" असं विचारतो. माझ्या तब्येतीची चौकशी तो जरा जास्तच करतो. झडपेचं कळल्यापासून तर आठवड्यातून दोनदा. परवा फळांची टोपली पाठवली. मी ती फाटकावरच्या विल्फला दिली आणि दुसऱ्या दिवशी विल्फ कामावर आला का ते पाहिलं.

आता खरी गोष्ट सांगते. मे महिन्यात थेल्माच्या मुलीचं लग्न झालं. जेवण गावाबाहेरच्या एका हॉटेलात होतं. बसल्याबरोबर आमच्या बाजूच्या सगळ्यांनी ताटं उलटी करून बुडाचा शिक्का पाहिला. आमच्यात ते प्रार्थनेच्या आधी होतं. नवरदेवाकडचे लोक इकडचे नव्हते, ते एकमेकांकडे बघायला लागले. पर्सीकाका उशिरा आला, तोवर त्याच्या ताटात मटण आणि रस्सा पडला होता. सवयीने त्याने ताट उचललं आणि उलटं केलं. नवरदेवाच्या आईच्या फिक्या निळ्या स्कर्टचं जे व्हायचं ते झालं. ती किंचाळली. पर्सीकाका रुमालाने तिचा स्कर्ट पुसत म्हणतोय, "टेलवर्थ आहे बाई, टेलवर्थ! चांगला माल आहे!"

सगळे हसत होते. मी हसत नव्हते. शिक्का आमचा होता आणि ताट आमचं नव्हतं.

आमच्या बायका बुडाची कड ओल्या स्पंजने दोनदा फिरवतात, अंगठ्याला ती गुळगुळीत लागते. ही कड खरखरीत होती. मी टिचकी मारली. ताट खोकलं नाही, पण वाजलंही नाही. थेल्मा टेबलापलीकडून ओरडली, "नोरीन! लग्नात तरी ताटं वाजवू नकोस!" पण अल्मा माझ्या शेजारीच बसली होती. तिनेही आपलं ताट वाजवलं होतं. ती माझ्या कानाशी आली. "बदके, हा कचरा आपण कधीपासून करायला लागलो?"

ते ताट मी पर्समध्ये घालून घरी आणलं. ते ॲस्पिनॉलच्या तिजोरीत आहे, हॉटेलला परत करावं.

शिक्क्याचे छाप कुलपात असतात. किल्ल्या तीन: माझी, क्लाइव्हची, ग्लेनिसची. लग्नातल्या ताटाचं मी दोघांनाही सांगितलं नाही. क्लाइव्हला म्हटलं, मी हॉटेलच्या मालाची चौकशी करणार आहे. ग्लेनिसला म्हटलं, मी शिक्के छापतात त्या छापखान्यात जाणार आहे. आणि बघत बसले, कोण कुठे फोन करतं ते. दोघांपैकी कोणीच केला नाही. याने माझा संशय कमी झाला नाही, दुप्पट झाला.

शेवटी एक करार ऑफिसच्या कपाटातच सापडला, ॲस्पिनॉलने वाचला. परदेशातल्या एका कारखान्याला आमचा शिक्का हॉटेलच्या मालावर वापरायला पाच वर्षं परवानगी. पाच वर्षं संपली की करार वाढवायचा की नाही ते टेलवर्थच्या मालकांनी ठरवायचं, आणि वाढवला तर सगळ्याच मालावर शिक्का वापरायची मुभा. म्हणजे मग बर्स्लेमच्या भट्टीची गरजच नाही. एकशे चाळीस माणसं घरी. फक्त नाव आमचं, बुडावर.

खाली सही होती. माझी.

तारीख मार्च २००५ ची. रॉनला पुरलं त्याच आठवड्यातली.

मी आधी क्लाइव्हला बोलावलं. तो म्हणाला, "मिसेस ब्लोर, मी सगळं स्पष्ट मांडलं होतं. आपण वाचून सही केलीत." वाचून, असं म्हणाला आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. त्याला ठाऊक आहे की नाही, ते मला त्या डोळ्यांवरून कळलं नाही. पुराव्याशिवाय डायरेक्टरला काढता येत नाही. म्हणून तो अजून आहे.

मग ग्लेनिसला बोलावलं, दार लावलं.

"तो कागद तू मला वाचून दाखवलास?"

"दाखवला. दोन पानं."

"कागद चार पानांचा आहे."

"दुसऱ्या पानावर तू 'पुरे' म्हणालीस. मी म्हटलं, नोरीन, अजून आहे. तू म्हणालीस, पुरे म्हटलं ना, आण इकडे. उलटं वाचायलाही सांगितलं नाहीस."

मला हे आठवत नाही. त्या आठवड्यातलं मला काहीच आठवत नाही, फक्त रॉनचे बूट दाराशी होते ते आठवतं. मी 'पुरे' म्हटलं असेन. मी तसं म्हणणारी बाई आहे. मग एक ताट मी न वाजवता पेटीत जाऊ दिलं, हे खरं. पण म्हटलं नसेन तर?

"घरी जाऊन तू उरलेली दोन पानं वाचली असतीस ना?"

"त्याच संध्याकाळी वाचली."

"आणि सव्वा वर्ष गप्प बसलीस."

"काय सांगायचं होतं? सही झाली होती. ती मोडायची तर बोर्डासमोर जाऊन म्हणावं लागलं असतं की बाईंनी ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे काय, असं क्लाइव्हने विचारलं असतं. मग?"

"मला तरी सांगायचंस."

"तू तेव्हा रॉनचा कोट घालून ऑफिसात यायचीस, नोरीन. कुठल्या दिवशी सांगायला हवं होतं ते तूच सांग."

उत्तर चांगलं होतं. फारच चांगलं होतं. सव्वा वर्ष विचार करून कोणीही इतकं चांगलं उत्तर देऊ शकतं.

आणि दुसरी गोष्ट. एप्रिल २००५ च्या मृत्युपत्रात मी एक्कावन्न टक्के ग्लेनिसला दिले होते. मला मूलबाळ नाही. ते मृत्युपत्र तिनेच मला वाचून दाखवलं, तेव्हा तिला ठाऊक आहे. मला वाटलं, तिने क्लाइव्हलाही सांगितलं असेल. दोघांचं ठरलं असेल: मी गेले की तिने शेअर क्लाइव्हला विकायचे, त्याने २०१० साली करार वाढवायचा. माझ्या मनात हे एकदा आलं ते गेलं नाही. सहा महिने ती रोज माझ्यासमोर बसून कागद वाचत होती आणि मी शब्द ऐकत नव्हते, आवाज ऐकत होते. चीर कुठे आहे ते शोधत होते.

इथपर्यंतचे पाच कागद काल लिहून झाले. त्यांना नंतर हात लावलेला नाही. हा शेवटचा कागद मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. का, ते सांगते.

पहिल्यांदा लिहिला तेव्हा आठव्या कलमात ग्लेनिसचं नाव नव्हतं. शेअर कारखान्यातल्या सगळ्यांना सारखे वाटून टाकले होते. ॲस्पिनॉल म्हणाले, "एकशे चाळीस जणांचे एकशे चाळीस तुकडे होतील, आणि मिस्टर पेनफोल्ड ते एकेक करून विकत घेतील." मी म्हटलं, "निदान त्याला एकशे चाळीस वेळा चहा प्यावा लागेल."

आमच्या कायद्यात असं आहे की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. नाव लिहिलेलं असलं तरी ते बाद. हे मला ॲस्पिनॉलने सांगितलं तेव्हा मला एक युक्ती सुचली. आज सकाळी अकरा वाजता मी क्लाइव्ह आणि ग्लेनिस दोघांनाही निवड खात्याच्या वरच्या खोलीत बोलावलं. मजकुरावर टीपकागद ठेवला, फक्त सह्यांची जागा उघडी. ॲस्पिनॉलना म्हटलं, "साक्षीदाराचा नियम यांना सांगा." त्यांनी खिडकीबाहेर बघून सांगितला.

क्लाइव्ह म्हणाला, "माझा सन्मान आहे, मिसेस ब्लोर." पेन त्याच्या हातात तयारच होतं. मी सही केली, त्याने सही केली. मी पेन ग्लेनिसपुढे केलं.

"थांब जरा," क्लाइव्ह म्हणाला. "ग्लेनिसच कशाला? फाटकावरच्या विल्फला बोलावू की."

मी विचारलं, "का रे?"

"नाही, आपलं सहज. तिने आधी विचार करावा. नियम ऐकलास ना, ग्लेनिस? नीट ऐकलास ना?"

त्याचा चेहरा लाल झाला होता. सात वर्षांत मी त्याला घाम आलेला पाहिला नव्हता. ज्याला स्वतःचा हक्क सोडताना काही वाटलं नाही, त्याला तिचा हक्क जाताना घाम फुटला. म्हणजे शेअर ग्लेनिसकडे जाणार यावर त्याने मांडणी केली होती, एवढं मला कळलं. ग्लेनिसने केली होती की नाही ते अजून कळायचं होतं.

तिने क्लाइव्हकडे बघितलंच नाही.

"कुठे करू?" तिने मला विचारलं.

"काय लिहिलंय ते विचारणार नाहीस?"

"सांगणार आहेस?"

"नाही."

"मग उगाच वेळ कशाला घालवतेस? अकराचं टपाल अजून वाचायचं आहे."

आणि ती वाकली. नावाचं पहिलं अक्षर तिने पुरं केलं, दुसरं सुरू केलं, तेव्हा मी तिच्या हाताखालून कागद ओढला. शाईची रेघ टेबलावर गेली. ॲस्पिनॉल म्हणाले, "अरेरे."

"आता काय झालं?" ग्लेनिस म्हणाली.

"पुन्हा लिहायचंय."

तिने पेन खाली ठेवलं. तिच्या लक्षात यायला वेळ लागत नाही, पहिल्या आठवड्यातही लागला नव्हता. "माझी परीक्षा घेत होतीस?"

"हो."

"एकोणीस वर्षांनी?"

"हो."

"मग माझं नाव त्यात घालू नकोस, नोरीन. मला नको. उद्यापासून तू माझ्या शिंकेवरही संशय घेशील." आणि ती खाली गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

कलम आठवं. टेलवर्थ पॉटरीतले माझे एक्कावन्न टक्के शेअर मी ग्लेनिस वेन हिला देत आहे. तिला नको असतील तर तिने नाकारावे, तशी सोय कायद्यात आहे असं ॲस्पिनॉल म्हणतात. तिने नाकारले तरच ते सगळ्यांना सारखे वाटावेत. पण तिने आधी एक आठवडा विचार करावा आणि त्या आठवड्यात कामावर यावं.

अट एकच. जे ताट बर्स्लेमच्या भट्टीतून निघालं नाही त्याच्या बुडावर टेलवर्थचा शिक्का उमटू द्यायचा नाही. २०१० साली करार संपेल तेव्हा तो वाढवायचा नाही. ॲस्पिनॉल म्हणतात, अशी अट कोर्टात टिकेल की नाही ते सांगता येत नाही. म्हणूनच मी शेअर अटीवर सोडले नाहीत, माणसावर सोडले आहेत.

एक गोष्ट लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणणार नाही की नोरीनला सुचलं नाही. ग्लेनिस मला एकोणीस वर्षं ओळखते. मी कागद ओढणार हे तिला आधीच कळलं असेल, म्हणून ती इतकी शांत वाकली असेल. हा विचार माझ्या मनात आला. दुपारी दोनपर्यंत तो होता. मी तो दोन्ही बाजूंनी वाजवून पाहिला. मला काही ऐकू आलं नाही. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण मला सोमवारी डॉक्टरच्या हाती छाती उघडून द्यायची आहे, आणि तो काय करणार आहे ते बघायला मी जागी नसेन. न बघता एक माणूस सोसता येतो तर दोन सोसता येतील.

सोमवारी मी उठले तर हा कागद तिजोरीतच राहील आणि त्यात काय आहे ते मी ग्लेनिसला सांगणार नाही. तिने मला पूर्वीसारखेच कागद वाचून दाखवावेत. माफी मागायची असेल तर ती मी तोंडाने मागेन, इथे नाही.

साक्षीदार म्हणून क्लाइव्ह पेनफोल्डची सही मी मुद्दाम घेत आहे. त्याला मी काही दिलेलं नाही. तरी उद्या कोणी वकील या कागदातून त्याच्यासाठी काही उकरून काढेल, तर ही सही आडवी येईल. दुसरी सही फाटकावरच्या विल्फ बॅडलीची. १९७४ च्या संपात तो मला सगळ्यांसमोर "मालकांची चमची" म्हणाला होता, त्यामुळे त्यालाही काही मिळत नाही आणि सही करायला तो लायक आहे. दुपारी साडेतीनला दोघे वर आले, ते समोर उभे असतानाच हे लिहीत आहे. विल्फने विचारलं, "मला काही ठेवलंय का गं नोरीन?" मी म्हटलं, "सही कर, मग सांगते." टीपकागदाच्या कडेखाली काही दिसतंय का ते क्लाइव्ह बघत होता. मी वर तळहात ठेवला.

हे सहा कागद आहेत. प्रत्येकाच्या खाली माझ्या नावाची दोन अक्षरं आहेत. सातवा कागद सापडला तर तो माझा नाही. माझ्या सहीखाली, साक्षीदारांची नावं सोडून, एकही शब्द आढळला तर तो मी लिहिलेला नाही, आणि तो कोणी लिहिला ते ॲस्पिनॉलने शोधून काढावं.

ठिकाण: टेलवर्थ पॉटरी, बर्स्लेम
दिनांक: गुरुवार, १६ नोव्हेंबर २००६

(सही) नोरीन ब्लोर

वरील सही आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत, एकाच वेळी, एकाच खोलीत झाली. मजकूर आम्हांला वाचू दिलेला नाही.

(सही) क्लाइव्ह पेनफोल्ड, फायनान्स डायरेक्टर
(सही) विल्फ बॅडली, फाटकावरचा पहारेकरी